बँकॉकमध्ये पत्त्याचा कागद : टीएम ३० पासून ड्रायव्हिंग लायसन्सपर्यंत

थायलंडला राहायला येणाऱ्या मराठी लोकांचे मला अधूनमधून मेसेज येतात, बहुतेकांचा प्रश्न असतो व्हिसा कुठला घ्यायचा, भाडं किती, शाळा कुठली. हे सगळं विचारायलाच हवं, पण इथे आल्यावर ज्या कागदावर बाकीचे सगळे कागद अडतात त्याबद्दल फारसं कोणी विचारत नाही. तो म्हणजे तुमच्या घराच्या पत्त्याची इमिग्रेशनकडची नोंद, फॉर्मचं नाव टीएम ३०. ही नोंद बरोबर असेल तर व्हिसा वाढवणं, ९० दिवसांची हजेरी, रेसिडेन्स सर्टिफिकेट, ड्रायव्हिंग लायसन्स ही कामं एकामागून एक होत जातात. नसेल किंवा चुकीची असेल तर प्रत्येक खिडकीवरून परत पाठवतात. मी या सगळ्यातून स्वतः गेले आहे, एजंट न लावता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नवरा गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत, पिंपरी-चिंचवडहून बदली झाली ती बँकॉकच्या पूर्वेकडच्या प्लांटला. आपल्या चाकण, तळेगाव भागातले बरेच लोक या निमित्ताने इकडे येतात कारण थायलंडची वाहन इंडस्ट्री मोठी आहे, समुत प्राकान, चोनबुरी, रयाँग हा सगळा पट्टा कारखान्यांचा. त्याचा नॉन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा आणि वर्क परमिट कंपनीने केलं. माझा आणि मुलीचा डिपेंडंट, म्हणजे त्याच्यावर अवलंबून कुटुंब म्हणून नॉन-ओ व्हिसा. जानेवारी २०२५ पासून भारतीयांसाठी थाई व्हिसा ऑनलाइन झालाय त्यामुळे पासपोर्ट घेऊन रांगेत उभं राहायची गरज नाही, आणि १ मे २०२५ पासून विमानात वाटायचा तो कागदी अरायव्हल कार्डचा प्रकार पण गेला, आता टीडीएसी नावाचा डिजिटल फॉर्म येण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचा, फुकट असतो, सरकारी साइटवरच भरा कारण पैसे मागणाऱ्या नकली साइट भरपूर आहेत. हा फॉर्म इथे राहणाऱ्यांनाही प्रत्येक वेळी भरावा लागतो.

नॉन-ओवर आत आलं की ९० दिवस मिळतात आणि तेवढ्या दिवसांत पुढचं एक्स्टेन्शन करून घ्यायचं. कंपनीचा एजंट नवऱ्यापुरताच होता, कुटुंबाचं तुमचं तुम्ही बघा असं सरळ सांगितलेलं. पुष्कळ कंपन्यांत असंच असतं, ऑफर लेटरवर सही करायच्या आधी हे विचारून घ्या.

घर घेतलं ओन नुत भागाच्या पुढे, बीटीएस या इथल्या मेट्रोच्या स्टेशनपासून चालत जाता येईल असं. मालकीण निवृत्त शिक्षिका, आम्ही तिला पा म्हणतो, इथे आईपेक्षा मोठ्या बाईला तसंच म्हणतात, आपल्याकडे मावशी म्हणतो तसं. अतिशय प्रेमळ बाई, चावी देताना फणसाचे गरे सोलून डब्यात घालून दिले होते. पण टीएम ३० हे नाव तिने ऐकलेलंच नव्हतं कारण आधीचे सगळे भाडेकरू थाई. कॉन्डोच्या ऑफिसात गेले तर ते म्हणाले हे मालकाचं काम, आमचं नाही. आता नियम असा आहे की परदेशी माणूस घरात राहायला आला की मालकाने २४ तासांत इमिग्रेशनला कळवायचं, इथल्या १९७९ च्या इमिग्रेशन कायद्याचं कलम ३८. हॉटेलवाले हे रोजच्या रोज करतात म्हणून टूरिस्टला ते कधी कळतही नाही. जबाबदारी मालकाची, दंडही मालकालाच होतो, पण नोंद नसली की काम अडतं ते आपलं. म्हणून मी आता प्रत्येकाला सांगते की घर बघायला गेलात की भाड्याच्या आधी हा प्रश्न विचारा, टीएम ३० करून द्याल का आणि झाल्यावर पावती द्याल का. मालक टाळाटाळ करत असेल, टॅक्स लागेल म्हणून भाड्याचा करार लपवायला बघत असेल, तर ते घर कितीही छान असू दे, सोडून द्या.

जाता जाता घराबद्दल अजून दोन गोष्टी. विजेचं बिल थेट वीज मंडळाकडून येणार की मालक लावणार ते विचारा, थेट असेल तर युनिटला साधारण चार बाथच्या आसपास पडतं, मालकाच्या मीटरवर सात-आठ बाथ पण लावतात आणि एसी इथे वर्षभर चालतो, म्हणजे महिन्याच्या बिलात केवढा फरक पडतो ते बघा. आणि डिपॉझिट साधारण दोन महिन्यांचं घेतात, आत शिरताना भिंती, फ्रीज, गादी, एसी सगळ्याचे फोटो काढून मालकाला लाइनवर पाठवून ठेवा. लाइन म्हणजे इथलं व्हॉट्सॲप, घरमालक, शाळा, डॉक्टर, पाणीवाला सगळे त्यावरच.

तर टीएम ३०. पा-ला मी कागदांची यादी थाईत लिहून दिली, शेजारच्या मुलीने लिहायला मदत केली. मालकाच्या ओळखपत्राची कॉपी, घराच्या निळ्या पुस्तकाची कॉपी, त्याला तबियन बान म्हणतात, म्हणजे त्या घराची सरकारी नोंदवही, भाडेकरार, आणि माझ्या पासपोर्टचं फोटोचं पान, व्हिसाचं पान, शेवटच्या एन्ट्रीचा शिक्का. प्रत्येक कॉपीवर ज्याचा कागद त्याची सही, आणि सही निळ्या शाईने. हे निळ्या शाईचं इथे फार बघतात कारण काळ्या शाईची सही झेरॉक्स आहे की मूळ ते ओळखता येत नाही. पर्समध्ये दोन निळी पेनं कायम ठेवा. मालक स्वतः येणार नसेल तर त्याचं अधिकारपत्र लागतं आणि त्याच्यावर १० बाथचा स्टॅम्प लावायचा, तो नसला तर कागद ग्राह्य धरत नाहीत.

पा-चा भाचा म्हणाला मी ऑनलाइन करतो, आणि त्याने केलंही, बिचाऱ्याने रात्री बसून केलं. पण त्यात एक घोळ झाला आणि तो आपल्या मराठी लोकांच्या बाबतीत हमखास होतो म्हणून नीट वाचा. आपल्या पासपोर्टवर आडनाव एका ओळीत आणि दिलेलं नाव दुसऱ्या ओळीत असतं, त्या दुसऱ्या ओळीत बऱ्याच जणांचं स्वतःचं नाव आणि पुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असं दोन्ही असतं. माझं तसंच आहे. थाई लोकांना नाव आणि आडनाव एवढंच माहीत, मधलं नाव हा प्रकारच नाही, त्यामुळे त्याने माझं नाव आणि पुढे आडनाव म्हणून नवऱ्याचं नाव टाकलं, खरं आडनाव गाळलंच. फॉर्म गेला, पावती आली, सगळे खूश. पण इमिग्रेशनच्या सिस्टीममध्ये विमानतळावर स्कॅन झालेलं नाव असतं, पासपोर्टच्या खालच्या त्या बाणाबाणांच्या ओळीत जसं आहे अगदी तसं. नाव जुळलं नाही की खिडकीवरच्या माणसाला तुमची नोंद सापडत नाही, आणि पावती दाखवली तरी उपयोग नसतो.

ते कळलं एक्स्टेन्शनच्या दिवशी. बँकॉकचं इमिग्रेशन चेंग वत्तनाला, गव्हर्नमेंट कॉम्प्लेक्सच्या बी बिल्डिंगमध्ये. शहराच्या उत्तरेला आहे, पूर्वी जायचं म्हणजे टॅक्सीशिवाय पर्याय नसायचा, आता २०२३ च्या शेवटी पिंक लाइन ही मोनोरेल सुरू झाली तेव्हापासून बरंच सोपं झालंय, आमच्याकडून बीटीएसने वात फ्रा सी महाथातपर्यंत जायचं आणि तिथे पिंक लाइन पकडायची. सकाळी लवकर पोचा. आठ वाजता राष्ट्रगीत लागतं, त्या क्षणाला झेरॉक्सच्या दुकानातला माणूस, कॉफीवाली, रांगेतले सगळे जिथे असतील तिथे उभे राहतात, आपणही उभं राहायचं, फोन खाली ठेवायचा. संध्याकाळी सहाला पण असंच, स्टेशनवर, बागेत. टोकन घेतल्यावर तळघरात फूड कोर्ट, झेरॉक्स, फोटो सगळं मिळतं त्यामुळे एखादी कॉपी राहिली तर घाबरू नका, फक्त बारा ते एक जेवणाची सुट्टी असते हे लक्षात ठेवून वेळ साधा. कपडे नीट, बिनबाह्यांचं किंवा हाफ पँट नको, सरकारी ऑफिसात ते अपमानासारखं घेतात.

खिडकीवरच्या बाईंनी माझे कागद एकेक उलटून पाहिले, कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, आणि हळू आवाजात सांगितलं की पत्ता नाही. मी पावती पुढे केली. त्यांनी पावतीवर बोट ठेवलं, मग पासपोर्टवर बोट ठेवलं, दोन्ही नावं शेजारी शेजारी. मला लगेच कळलं. त्यांनी स्वतः उठून मला दुसऱ्या काउंटरवर नेलं, तिथे टीएम ३० नव्याने भरला, माझ्याकडे पा-चं अधिकारपत्र आणि निळ्या पुस्तकाची कॉपी होती म्हणून ते त्याच दिवशी झालं. नसती तर परत घरी, परत पा-ची सही, परत तो सगळा प्रवास. म्हणून मालकाने ऑनलाइन केलं तरी मालकाच्या कागदांच्या सही केलेल्या कॉप्या तुमच्या फाइलमध्ये राहू द्या, जास्तीच्या दोन घेऊन ठेवा. आणि ऑनलाइन भरणाऱ्याला पासपोर्टचा फोटो नुसता पाठवू नका, कुठल्या रकान्यात काय टाकायचं ते अक्षर न् अक्षर लिहून पाठवा.

इथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. थाई ऑफिसात आवाज चढवून काहीही होत नाही. आपल्याकडे थोडं जोरात बोललं की साहेबांपर्यंत जाता येतं असा अनुभव असतो, इथे समोरचा माणूस हसत हसत बंद होतो आणि मग तुमची फाइल हलत नाही. हात जोडून सवात्दी म्हणा, म्हणजे नमस्कार, त्याच्या शेवटी बायकांनी खा आणि पुरुषांनी ख्राप लावायचं, शांत बसा, विचारा की आता मी काय करू. मला आजवर ज्यांनी मदत केली त्यांनी याच एका प्रश्नावर केली आहे.

एक्स्टेन्शनचा फॉर्म टीएम ७, फी १,९०० बाथ. डिपेंडंटला सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे लग्नाचं सर्टिफिकेट, आणि याची तयारी भारतातच करून या. अपोस्टिल म्हणजे एका शिक्क्यावर परदेशात कागद चालावा असा देशांमधला करार, त्यात थायलंड नाही, त्यामुळे भारतातून नुसता अपोस्टिलचा स्टिकर लावून आणलात आणि काम झालं असं समजलात तर इथे अडकाल. मी सर्टिफिकेट मंत्रालयातून आणि मग परराष्ट्र मंत्रालयाकडून प्रमाणित करून आणलं होतं, इथे भारतीय दूतावासात, सुखुमवित रस्त्याच्या सोई २३ ला (सोई म्हणजे गल्ली), त्याच्यावर शिक्का घेतला, मग थाई भाषांतर, आणि मग थाई परराष्ट्र खात्याच्या कॉन्सुलर विभागात भाषांतर तपासून शिक्का, तो विभागही चेंग वत्तना रोडवरच आहे पण इमिग्रेशनच्या बिल्डिंगमध्ये नाही, वेगळा आहे, टॅक्सीवाल्याला नीट सांगा. तिथे दर शिक्क्याला २०० बाथ, तातडीचं हवं असेल तर ४००. भाषांतर करणारे त्याच्या बाहेरच असतात, ते इंग्लिशवरून थाई करतात, मराठीवरून कोणी करत नाही. आपल्या महापालिकेचं सर्टिफिकेट मराठी आणि इंग्लिश दोन्हीत असतं पण काही जुनी, ग्रामपंचायतीची वगैरे फक्त मराठीत आहेत, त्यांनी निघायच्या आधी इंग्लिश प्रत काढून घ्या. मुलांच्या जन्मदाखल्याचंही सगळं असंच.

अर्ज घेतला की लगेच वर्षाचा शिक्का मिळेलच असं नाही, बऱ्याचदा आधी थोड्या दिवसांचा विचाराधीन असल्याचा शिक्का मारतात आणि पुढची तारीख देतात. ती तारीख पासपोर्टच्या पानाचा फोटो काढून घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवा. मुदतीपलीकडे राहिलात तर दिवसाला ५०० बाथ दंड, जास्तीत जास्त २०,०००, आणि फार लांबलं तर परत यायची बंदी लागते.

एक्स्टेन्शन मिळालं आणि मनात आलं चला गणपतीला घरी जाऊन येऊ, तर थांबा. री-एन्ट्री परमिट न घेता देशाबाहेर पडलात की ते एक्स्टेन्शन तिथेच संपतं, वर्षभराचं असलं तरी. फॉर्म टीएम ८, एकदा जाऊन यायचं असेल तर १,००० बाथ, वर्षभर कितीही वेळा असेल तर ३,८००. एक्स्टेन्शनच्याच दिवशी करून टाका, सुवर्णभूमी विमानतळावर पण होतं पण अडीअडचणीला, कारण घरून रात्री-अपरात्री आजारपणाचा फोन आला तर त्या वेळी रांग शोधत बसायची ताकद नसते. आमच्या ओळखीतल्या एका ताईंना वडिलांसाठी तातडीने निघावं लागलं, परमिट आधीच होतं म्हणून त्या सरळ विमानात बसल्या. दिवाळी-गणपतीला जायचं ठरलेलं नसलं तरी ते घेऊन ठेवा असं मी सगळ्यांना सांगते ते यासाठीच.

९० दिवसांची हजेरी हे वेगळं प्रकरण, याचा आणि व्हिसाच्या मुदतीचा संबंध नाही. सलग ९० दिवस थायलंडमध्ये राहिलात की मी अमुक पत्त्यावर आहे असं कळवायचं, फॉर्म टीएम ४७, फुकट. तारखेच्या आधी १५ दिवसांपासून तारखेनंतर ७ दिवसांपर्यंत करता येतं, उशीर झाला तर दंड २,००० बाथ. देशाबाहेर जाऊन आलात की मोजणी परत एकपासून. पहिल्यांदा प्रत्यक्ष जावं लागतं, पुढे ऑनलाइन होतं, ऑनलाइनला मात्र शेवटच्या दिवसांवर ठेवू नका, आधीच भरा म्हणजे नाकारलं तरी जाऊन करायला वेळ राहतो. आणि नाकारतात तेव्हा बहुतेक वेळा कारण तेच, पत्ता जुळत नाही. पत्त्याचं थाईतलं आणि इंग्लिशमधलं स्पेलिंग ठरलेलं नाही, एकाच सोईचं नाव तीन पाट्यांवर तीन प्रकारे लिहिलेलं दिसेल, म्हणून टीएम ३० च्या पावतीवर जसं आहे तसंच सगळीकडे लिहायचं. लहान मुलांचीही हजेरी वेगळी करायची, आईच्या पासपोर्टबरोबर होत नाही.

आता लायसन्स. मुलीची शाळा बांग नाकडे, मुख्य रस्त्यापासून लांब आत, तिथे ट्रेन नाही, रोजची ग्रॅब, म्हणजे ॲपवरची टॅक्सी, परवडत नाही, म्हणून छोटी सेकंडहँड गाडी घ्यायचं ठरलं. भारतीय लायसन्स आणि इंटरनॅशनल परमिट यावर सुरुवातीला चालतं पण इथे राहणाऱ्याने थाई लायसन्स काढलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. रस्त्यावरच्या मृत्यूंत थायलंड जगात फार वाईट क्रमांकावर आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या अहवालात इथल्या मृतांमध्ये चारात जवळपास तीन दुचाकी-तीनचाकीवाले होते. अपघात झाला की इन्शुरन्सवाले पहिल्यांदा लायसन्स मागतात, आणि ते त्या वाहनाचं हवं, कारचं लायसन्स असून स्कूटर चालवलीत तर ते धरत नाहीत. पटायाला, फुकेतला भाड्याने स्कूटर घेऊन फिरणारी आपली मुलं बघितली की मला खरंच काळजी वाटते, भाड्याने देणारा लायसन्स विचारत नाही म्हणजे ते लागत नाही असं नसतं.

लायसन्सला पत्त्याचा पुरावा लागतो. ज्याच्याकडे वर्क परमिट आहे त्याचं बऱ्याच ठिकाणी त्यावरच भागतं कारण त्यात पत्ता असतो. डिपेंडंटला रेसिडेन्स सर्टिफिकेट काढावं लागतं, तेही इमिग्रेशनमधून, तेही टीएम ३० दाखवून, सोबत ४ बाय ६ सेंटीमीटरचे फोटो. ते कशासाठी हवं ते त्यावर लिहिलेलं असतं, लायसन्ससाठी म्हणून मागा. कार आणि दुचाकी दोन्ही काढणार असाल तर दोन मागा कारण मूळ प्रत ते ठेवून घेतात. त्याची मुदतही थोडीच असते म्हणून आधी लायसन्सची तारीख घ्या आणि मग हे काढा. मेडिकल सर्टिफिकेट कुठल्याही छोट्या क्लिनिकमध्ये होतं, डॉक्टर बीपी बघतात, दोन प्रश्न विचारतात, शे-दोनशे बाथ.

तारीख घ्यायची ती ट्रान्सपोर्ट खात्याच्या स्मार्ट क्यू ॲपवरून. आमचं ऑफिस सुखुमवित ६२ कडचं. माझ्याकडे पुण्याच्या आरटीओचं लायसन्स आणि तिथूनच काढलेलं इंटरनॅशनल परमिट होतं, दोन्ही चालू मुदतीचं, त्यामुळे लेखी परीक्षा आणि गाडी चालवून दाखवायची परीक्षा माफ झाली, फक्त शरीराच्या चाचण्या आणि व्हिडिओ. हे परमिट भारतात असतानाच काढा, व्हिसा हातात आला की लगेच, १,००० रुपये फी आणि एक वर्षाची मुदत. ज्यांच्याकडे ते नसतं त्यांना सगळं करावं लागतं, कॉम्प्युटरवर ५० प्रश्न, त्यातले ४५ बरोबर यायला हवेत, इंग्लिशमध्ये देता येते पण इंग्लिश विचित्र असतं म्हणून सराव करून जा, आणि मग मैदानात पार्किंग, सरळ रेषेत पुढे-मागे वगैरे. दुचाकीला अरुंद फळीवरून पाय न टेकवता हळू जायचं असतं.

चाचण्या चार. पहिली रंगांची, भिंतीवरच्या तक्त्यावर लाल, पिवळे, हिरवे ठिपके, बाई काठीने दाखवते आणि आपण रंग सांगायचा. दुसरी कडेच्या नजरेची, यंत्रात हनुवटी टेकवून समोर बघायचं आणि बाजूला लागणाऱ्या दिव्याचा रंग न वळता ओळखायचा. तिसरी ब्रेकची, ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून बसायचं, लाल लागला की क्षणात ब्रेक. चौथीला बरेच जण अडखळतात. काही अंतरावर एका पेटीत दोन उभ्या काठ्या असतात, एक जागेवर, दुसरी बटण दाबलं की पुढे-मागे सरकते, ती दोन्ही एका रेषेत आणायची, म्हणजे अंतराचा अंदाज तपासतात. माझ्या पुढच्या काकांनी चष्मा कारमध्ये ठेवलेला, त्यांना जमेना, तिथल्या मुलाने त्यांना शांतपणे सांगितलं चष्मा घेऊन या, मी थांबतो. घाई करू नका, काठी पुढे नेऊन मग हळूहळू मागे आणा, ज्या क्षणी दोन्हींची जाडी सारखी दिसेल तिथे सोडा.

व्हिडिओ थाईत होता, खाली इंग्लिश. लक्ष देऊन बघा कारण इथले काही नियम आपल्यापेक्षा वेगळे आहेत. गाडी डावीकडूनच चालवायची त्यामुळे ती अडचण नाही. पण फुटपाथच्या कडेला लाल-पांढरं असेल तर तिथे थांबायचंच नाही, पिवळं-पांढरं असेल तर फक्त माणूस उतरवण्यापुरतं. झेब्रा क्रॉसिंगवर माणूस असेल तर थांबायचं, जानेवारी २०२२ मध्ये बँकॉकच्या फाया थाईला क्रॉसिंगवर एका तरुण डोळ्यांच्या डॉक्टरचा मोटरसायकलने जीव घेतला, त्यानंतर देशभर संताप झाला. आता दंड ४,००० बाथपर्यंत आहे आणि जानेवारी २०२३ पासून लायसन्सवर १२ गुण असतात, नियम मोडले की कापले जातात. तरीही सगळे थांबत नाहीत, चालताना दोन्हीकडे बघूनच रस्ता ओलांडा, तुमच्यासाठी एक गाडी थांबली तरी शेजारच्या लेनमधून मोटरसायकल येते.

शेवटी २०५ बाथ भरले, फोटो काढला आणि तिथल्या तिथे कार्ड हातात. पहिलं दोन वर्षांचं तात्पुरतं, नंतर पाच वर्षांचं मिळतं. तारखा बघताना त्यांचं बौद्ध वर्ष लक्षात ठेवा, आपल्या सनात ५४३ मिळवायचे, म्हणजे २०२५ ला २५६८, भाडेकरारावरही बऱ्याचदा तेच वर्ष असतं आणि करार कधी संपतो ते चुकीचं वाचलं जातं.

बँकेच्या खात्याचंही थोडं सांगते. डिपेंडंटला खातं द्यायला एका शाखेत सरळ नाही म्हणाले, त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत, शाळेजवळच्या, रेसिडेन्स सर्टिफिकेट, नवऱ्याचं वर्क परमिट आणि लग्नाचं सर्टिफिकेट दाखवल्यावर झालं. शाखेच्या मॅनेजरवर बरंच असतं, म्हणून एका नकाराने थांबू नका. खातं झालं की प्रॉम्प्टपेचा, म्हणजे आपल्या यूपीआयसारखा, क्यूआर वापरता येतो, भाजीवालीपासून वीज बिलापर्यंत सगळं त्यावर होतं. आणि हे नंबर फोनमध्ये टाकाच, पोलीस १९१, ॲम्ब्युलन्स १६६९, टूरिस्ट पोलीस ११५५ जिथे इंग्लिश बोलतात, इमिग्रेशनची हेल्पलाइन ११७८. घराचा पत्ता थाई अक्षरांत लिहिलेला फोटो फोनच्या पहिल्या पानावर ठेवा, ॲम्ब्युलन्सवाल्याला इंग्लिशमधलं सोईचं नाव वाचून दाखवलं तर आपला उच्चार त्याला कळत नाही, लाइनवर तो फोटो आणि लोकेशन पाठवलं की तो येतो.

भाड्याचं घर बदललं की हे सगळं परत पहिल्यापासून, नवा मालक, नवा टीएम ३०, आणि नवा पत्ता इमिग्रेशनला, बँकेला, लायसन्सवर. एकाच घरात राहून सुट्टीला भारतात जाऊन त्याच पत्त्यावर परत आलात तर २०२० पासून पुन्हा टीएम ३० करायची गरज राहिलेली नाही, पण मालकाला विचारून एकदा नोंद चालू आहे ना ते बघून घ्या. नुकतेच निघणार असाल तर हँडबॅगमध्ये हे ठेवा, सामानात नको: लग्नाचं आणि मुलांच्या जन्माचं प्रमाणित सर्टिफिकेट, चालू लायसन्स आणि परमिट, पांढऱ्या बॅकग्राउंडचे डझनभर फोटो, मुलांचे लसीकरणाचे कागद कारण शाळा ते मागते, आणि ती दोन निळी पेनं.